टिपणीसकाकांचा संक्रमणकाळ

मुलुंड पूर्वेला मिठागर रोडवर आमची 'रेणुकाछाया' सोसायटी आहे. तिथे कोणालाही विजेवर चालणारी काहीही वस्तू घ्यायची असली, तर आधी पहिल्या मजल्यावरच्या मार्तंड टिपणीसांना विचारायची पद्धत होती. सक्ती नव्हती. पण नाही विचारलं तर वस्तू घरी आल्यावर काका ती बघायला यायचे, आणि ते जास्त वाईट.

मी त्यांचा समोरचा शेजारी. आमची दारं एकमेकांकडे तोंड करून आहेत आणि दोन्ही दिवसभर उघडी असतात. त्यामुळे इथे सांगतोय ते बरंचसं मी स्वतः पाहिलेलं आहे. उरलेलं त्यांच्या बायकोने, जयंतीकाकूंनी, आमच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सांगितलेलं आहे.

काकांचं ज्ञान खोटं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. कुठल्या फोनचा कॅमेरा फक्त उन्हात चालतो, कुठल्या टीव्हीच्या पडद्यावर काळा रंग काळाच दिसतो आणि कुठल्यात वांगी दिसतो, कुठल्या कंपनीची बॅटरी दुसऱ्या उन्हाळ्यात फुगते, सगळं त्यांना तोंडपाठ. फक्त या ज्ञानातून निघणारा सल्ला एकच असायचा. थांब.

मी लॅपटॉपचं विचारलं तेव्हा नवरात्र होतं. "आत्ता घेऊ नकोस अनिरुद्ध," काका म्हणाले. "दिवाळीच्या तोंडावर सगळे जुना माल खपवतात." दिवाळी झाल्यावर गेलो. "आता उरलेला माल काढतायत. नववर्षाला नवीन चिप येतेय." जानेवारीत म्हणाले, बजेट होऊ दे. बजेट झालं, मार्च संपला, तर म्हणे, "आता घेतलास तर मूर्ख ठरशील. जूनमध्ये शाळा-कॉलेजांसाठी पडतात किमती." जूनमध्ये मी गुपचूप जाऊन घेऊन आलो. काका बघायला आले. झाकण उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं, बिजागरीला कान लावला आणि सुतकी आवाजात म्हणाले, "चालेल रे. वापरायचाच असेल तर चालेल."

तिसऱ्या मजल्यावरच्या सपना तायडेला त्यांनी फ्रिजसाठी असंच थांबवलं होतं. सपना एका हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये आहे. तिचे आईवडील बुलढाण्याकडून येऊन इथे स्थायिक झाले, ती मुलुंडातच वाढली आणि तिच्या तोंडाला फाटक नाही. "काका, तुमचं ऐकून मी अख्खा उन्हाळा माठातलं पाणी प्यायले," ती एकदा जिन्यात सगळ्यांसमोर म्हणाली. "मग काय झालं? माठातलं पाणी चांगलंच," काका म्हणाले. "दूध पण माठात ठेवायचं होतं का?" यावर काकांनी कॉम्प्रेसरच्या बदलत्या तंत्रज्ञानावर बोलायला सुरुवात केली आणि सपना दोन-दोन पायऱ्या एकदम चढून गेली.

हे थांबण्याचं खूळ त्यांना जन्मापासून नव्हतं. उलट तरुणपणी काका घाईचे होते, असं काकू सांगतात. लग्नाआधी त्यांनी मोठ्या हौसेने व्हीसीआर घेतला होता, अख्ख्या चाळीत पहिला. पण तेव्हा टेपच्या दोन जाती होत्या, आणि काकांच्या यंत्राला लागायची ती जातच बघता बघता बाजारातून नाहीशी झाली. ज्या शेजाऱ्यांनी वर्षभर कळ काढली त्यांनी दुसऱ्या जातीचा घेतला आणि मजेत सिनेमे बघितले. काकांचं यंत्र पुढे कित्येक वर्षं गणपतीच्या मखराखाली पाट म्हणून वापरलं गेलं. त्या दिवसापासून हा माणूस सावध झाला, आणि त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही की तो प्रसंग संपला.

नोकरीतही तेच. फोर्टातल्या एका विमा कचेरीत ते होते. तिथे कॉम्प्युटर आले तेव्हा साहेबाने शिकायला पाठवायची माणसं निवडली. काका म्हणाले, "हा प्रोग्राम दोन वर्षांत बदलणार, कशाला शिकू?" आणि तो खरोखर बदलला! मग दुसरा आला. काका म्हणाले, हाही बदलणार. तोही बदलला. त्यांचं एकही भाकीत चुकलं नाही. ज्यांनी ते मेलेले प्रोग्राम शिकून घेतले, ते एकेक करून अधिकारी झाले, आणि काका, ज्यांचं सगळं बरोबर आलं होतं, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले.

"मी फुकटचं काही शिकलो नाही," हे ते अभिमानाने सांगतात.

आता त्यांच्या घरातली परिस्थिती. जगातल्या प्रत्येक फोनवर मत असणाऱ्या या माणसाकडे स्वतःचा फोन होता तो मुलीने, अबोलीने, टाकून दिलेला. अबोली नोकरीला बंगळुरात असते. त्या फोनची बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलं होतं, म्हणून काकांनी त्याला रबरबँड लावला होता. त्या रबरबँडच्या फोनवर ते दिवसभर नव्या फोनची परीक्षणं बघायचे. पडद्याच्या मधोमध तडा होता, त्यामुळे प्रत्येक नवा फोन त्यांना तडकलेलाच दिसायचा. मला वाटतं त्यांना ते आवडायचं.

टीव्ही होता जुना, पाठीमागे पोट असलेला. उजव्या बाजूने पिवळा पडलेला. मालिकेतली सासू डावीकडून उजवीकडे चालत गेली की तिला वाटेत कावीळ व्हायची. काका त्यावर बातम्या लावायचे आणि आवाज बंद करायचे. "आवाज बंद केला की कोण खोटं बोलतंय ते कळतं," असं त्यांचं म्हणणं. मी एकदा विचारलं, "आज कोण बोलतंय?" तर म्हणाले, "सगळेच."

"नवीन घ्या ना हो," काकू म्हणायच्या.

"अगं, हा संक्रमणकाळ आहे," काका म्हणायचे. "एलसीडी आला, गेला. प्लाझ्मा आला, गेला. एलईडी आला, तो जातोय. आता जे येतंय ते तीन वर्षांत स्थिरावेल. मग घेऊ."

मग एका दुपारी काकू मालिका बघत असताना टीव्हीत टचकन आवाज झाला आणि सगळं चित्र आक्रसून मधोमध एका आडव्या रेषेत जमा झालं. पांढरीशुभ्र, लखलखीत रेषा. आवाज मात्र ठणठणीत. सासू रेषेतूनच सुनेला बोलत होती.

कोणालाही वाटेल आता तरी नवीन टीव्ही येईल. काकांनी टीव्ही बंद केला, चालू केला, थोपटला. मग खुर्चीत बसून म्हणाले, "आवाज आहे ना?"

पुढे कित्येक महिने टिपणीसांच्या घरी ती रेषा चालू होती. काकू रात्रीचं जेवण उरकून तिच्यासमोर बसायच्या. रेषा थरथरली की कोणीतरी रडतंय असं समजायचं. शेवटी त्या आमच्याकडे मालिका बघायला यायला लागल्या आणि काका एकटेच रेषेवर बातम्या लावून बसायचे, अर्थात आवाज बंद करून. एक माणूस, अंधारी खोली आणि समोर एक पांढरी रेषा. विचारलं तर सांगायचे, "तशाही बातम्यांत बघण्यासारखं काय असतं?"

टीव्ही गेल्यावर काकांनी संशोधन वाढवलं. रोज संध्याकाळी पुलावरून पश्चिमेला जायचं आणि पाच रस्त्याजवळच्या एका मोठ्या शोरूममध्ये उभं राहायचं. आधी नुसते बघायचे. मग विक्रेत्यांना प्रश्न विचारायला लागले. त्या बिचाऱ्यांना पाठ करून दिलेलं असतं तेवढंच येतं. काका विचारायचे, "हे जे चार के म्हणता, केबलवरून येणारं चित्र चार के असतं का?" तो म्हणायचा, "सर, एकदम झकास दिसतं सर." काका म्हणायचे, "ते विचारलं नाही मी." हळूहळू असं झालं की काका काचेच्या दारात दिसले की सगळे विक्रेते एकदम वॉशिंग मशीनच्या मागे पुसायला जायचे.

विक्रेते गायब म्हटल्यावर गिऱ्हाइकं काकांनाच विचारायला लागली. पांढरे केस, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, कपाळावर चष्मा. ज्याला काही विकायचं नाही असा माणूस शोरूममध्ये कधी भेटतो? लोक काकांभोवती घोळका करून उभे राहायचे. काका एकेकाचं निरसन करायचे आणि घोळका हात हलवत बाहेर पडायचा.

शोरूमचे मॅनेजर श्यामसुंदर परब. सावंतवाडीकडचे, मुलुंडात येऊन जमाना झाला, पण रागावले किंवा खूश झाले की मालवणी बाहेर यायची. त्यांनी आधी काकांना गोडीत सांगून पाहिलं. बाहेर स्टूल टाकून दिलं, चहा पाठवला. काका स्टुलावर बसले आणि आत जाणाऱ्यांना दारातच अडवायला लागले. तेव्हा परबांच्या डोक्यात वेगळाच किडा वळवळला.

"टिपणीसांनु, हय नोकरी करतास?" त्यांनी विचारलं.

काकांना आधी अपमान वाटला. "मी? विक्रेता?"

"विक्रेतो खय? सल्लागार! लोक तुमचा ऐकतत. तुमचा तोंड आणि माझो माल एकत्र इलो, तर पाच रस्त्यार दुसरा दुकान चालूचा नाय."

सल्लागार हा शब्द काकांनी घरी आणला तेव्हा तो पेढ्यांच्या पुड्यासारखा सगळ्यांना उघडून दाखवला. आयुष्यभर फुकट वाटलेल्या मतांना अखेर कोणीतरी हुद्दा दिला होता. दुसऱ्या दिवशी ते निळा टी-शर्ट घालून निघाले. पाठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'मला विचारा'. सोसायटीच्या गेटपर्यंत ते मुद्दाम सावकाश चालत गेले, सगळ्यांना पाठ वाचता यावी म्हणून.

"काकू, आता तर टीव्ही येणार," सपना म्हणाली. "स्टाफला स्वस्तात मिळतो."

"मिळतो," काकू म्हणाल्या. "ते म्हणतात स्टाफची सवलत वर्षभराने वाढते."

काकूंना एव्हाना टीव्हीचं फारसं पडलं नव्हतं. त्यांची अडचण दुसरीच होती. काकू भांडुपच्या एका शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी, दीप्ती, लग्न होऊन जर्मनीला गेली. तिने फोन करून विचारलं, "बाई, इथे आम्ही सात-आठ मराठी कुटुंबं आहोत. पोरांना मराठी येत नाही. आजीशी बोलायला लाजतात. तुम्ही ऑनलाइन शिकवाल का?"

काकू हरखल्या. त्यांच्या स्वतःच्या छोट्या फोनवर एक वर्ग घेऊन पाहिला. त्या पडद्यावर आठ पोरं म्हणजे आठ तांदळाचे दाणे. फोन डब्याला टेकवून ठेवलेला, तो सारखा घसरायचा आणि तिकडे पोरांना काकूंच्या ऐवजी पंखा दिसायचा. 'क' काढून दाखवायला पाटी पुढे धरली की चेहरा गायब, चेहरा दाखवला की पाटी गायब. एक पोरगी आईला म्हणाली म्हणे, टीचरला फक्त नाक आहे.

"मला लॅपटॉप लागेल," काकूंनी काकांना सांगितलं.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "थांब जरा. दोन महिन्यांत..."

दोन महिने झाले. मग आणखी काहीतरी येणार होतं. दीप्तीने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा ती फार संकोचून म्हणाली, "बाई, गणपतीनंतर नक्की सुरू करू ना? नाहीतर इथे एक जण पुण्याच्या कोणाचं तरी नाव सुचवतोय."

हे काकूंनी आमच्या ओट्याशी उभं राहून सांगितलं. सपनाही तेव्हा आमच्याकडे मिक्सरचं भांडं परत द्यायला आली होती.

"पुण्याचं?" सपना म्हणाली. "काकू, आता मात्र हद्द झाली. चला."

"कुठे?"

"लॅपटॉप आणायला. आत्ता. अनिरुद्ध, रिक्षा बघ ना."

काकू आत गेल्या, साडी बदलून, पर्स घेऊन आल्या. रिक्षात मी विचारलं, कुठल्या दुकानात जायचं? स्टेशनजवळ दोन-तीन आहेत.

"त्यांच्याच," काकू म्हणाल्या.

"काका असतील तिथे."

"असू देत की. दुसरीकडून आणला तर घरी येऊन तो नाक मुरडणार. जे मुरडायचं ते तिथेच मुरडू दे." चिडल्या की काकू नवऱ्याला अहोजाहो करायचं विसरतात, हे मला त्या दिवशी कळलं.

आम्ही पोचलो तेव्हा काका एका जोडप्याला फ्रिज दाखवत होते. त्या फ्रिजच्या दारावर मोबाइलसारखा पडदा होता. "दारावर पडदा कशाला?" काका विचारत होते. "आत काय ठेवलंय हे तुम्हाला माहीत नाही का? तुम्हीच ठेवलंय ना?" जोडपं एकमेकांकडे बघून हसलं आणि निघून गेलं. खरं सांगतो, त्या बाबतीत काकांचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. पण पलीकडे गल्ल्यावर परबांनी कपाळ धरलं होतं. आम्हाला नंतर कळलं की काका रुजू झाल्यापासून त्यांच्या हातून एक इस्त्रीसुद्धा विकली गेली नव्हती. एक माणूस नवीन फोन घ्यायला आला होता, त्याला काकांनी विचारलं, आत्ताच्या फोनला काय झालंय? तो म्हणाला, काही नाही. काका म्हणाले, मग? तो माणूस आभार मानून घरी गेला. परब सगळ्यांना सांगत सुटले होते, "लोक येतत, ह्यांका भेटतत, खूश होवन घराक जातत. माल हयच!"

काकू सरळ काकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. काका दचकले.

"तू? इथे कशी?"

काकूंनी त्यांच्या टी-शर्टकडे बघितलं. "मागे लिहिलंय ना, मला विचारा? म्हणून विचारायला आले. साहेब, लॅपटॉप दाखवता का?"

"साहेब काय म्हणतेस! जयंती, घरी बोलू आपण."

"घरी विचारलं होतं. घरी सल्लागार नसतात."

सपनाने तोंडाला ओढणी लावली. दोन विक्रेते वॉशिंग मशीनच्या मागून बाहेर आले. परबही गल्ला सोडून जवळ आले आणि काकूंना म्हणाले, "या वहिनी, हे बघा, हय आसत लॅपटॉप." काकांना नाइलाजाने मागे यावं लागलं.

"मला आठ मुलांची तोंडं दिसली पाहिजेत," काकू म्हणाल्या. "माझा आवाज त्यांना गेला पाहिजे. आणि अक्षर मोठं दिसलं पाहिजे. बस."

काकांना आपलं मैदान सापडलं. "याचा प्रोसेसर मागच्या पिढीचा आहे. आणि याची रॅम तू नंतर वाढवू शकणार नाहीस, ती सोल्डर केलेली..."

"साहेब, यात आठ तोंडं दिसतील?"

"दिसतील गं, पण..."

"आवाज जाईल?"

"जाईल. तो कशातूनही जातो. पण पुढच्या महिन्यात..."

"मी तीस वर्षं पोरांना परीक्षेला बसवलं," काकू म्हणाल्या. आवाज वर्गातला होता. मीसुद्धा नकळत सरळ उभा राहिलो. "पुढच्या वर्षी चांगलं पेन येणार आहे म्हणून एकही कार्टं घरी बसलं नाही. हा द्या."

मला वाटलं काका आता भडकतील. पण शोरूम होतं, अंगावर टी-शर्ट होता आणि परब शेजारी उभे होते. काकांनी खाली वाकून कपाटातून बंद खोकं काढलं, त्याचा सीलबंद पट्टा तपासला, नकळत खोक्याची मागची बाजू वाचायला लागले आणि काकूंनी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.

बिल करताना परबांनी विक्रेत्याच्या नावाच्या जागी 'एम. टिपणीस' टाकलं आणि टाळी वाजवून अख्ख्या दुकानाला ओरडून सांगितलं, "ऐकलात काय रे! टिपणीसांचो पयलो सेल!" सगळ्या विक्रेत्यांनी टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून. एकाने तर "काका, वन्स मोर" असं म्हटलं. काका मान खाली घालून उभे होते. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातून कोणीतरी काहीतरी घेतलं होतं, आणि ते त्यांच्या सल्ल्याविरुद्ध.

त्या आठवड्यात त्यांनी टी-शर्ट धुऊन, इस्त्री करून परबांना परत दिला. "तिथे अभ्यासाला वाव नाही," असं आम्हाला सांगितलं. परबांनी थांबवलं नाही. उलट एक चांगलं भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. काका म्हणाले, सेलवर चालणारं आहे, आता असलं कोणी घेत नाही.

जर्मनीतला वर्ग सुरू झाला. तिकडे पोरं शाळेतून यायची ती वेळ म्हणजे आपली संध्याकाळ, ऐन बातम्यांची. काकू टेबलाशी बसायच्या, डोक्यावर हेडफोन, मागे भिंतीला स्वच्छ चादर. पहिल्याच दिवशी सगळी पोरं एकदम ओरडली, टीचरला पूर्ण तोंड आहे. मला काकूंचं शिकवणं समोरच्या घरात ऐकू यायचं. पहिले काही आठवडे 'ळ' चालू होता. "बाळ. केळं. काळा. जीभ मागे वळव बाळा, अजून मागे."

काका सुरुवातीला दुसऱ्या खोलीत रुसून बसले. पण मत दाबून ठेवणं त्यांना जमत नाही. एका वर्गात कोणा मुलाचं चित्र मधूनमधून अडकत होतं. काकूंच्या मागे, चादरीच्या कडेने, एक चष्मा लावलेलं डोकं आत आलं आणि म्हणालं, "तुमच्या राउटरची जागा चुकलीय. बाबांना सांग, खिडकीत ठेवू नका."

आठही पोरं खिदळली. काकूंनी न वळता एक बोट दाराकडे केलं. डोकं गेलं. त्या दिवशी पाटीवर आज्ञार्थ होता. बस, ऊठ, जा. पोरांना उदाहरण लगेच समजलं. त्यातला एक पोरगा फार चौकस. त्याने दुसऱ्या दिवशी आजोबांना बोलवा म्हटलं आणि मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, "आजोबा, मला टॅबलेट पाहिजे. कोणता घेऊ?" काकांचा चेहरा उजळला. ते खुर्ची ओढून बसले. पाऊण तासाच्या वर्गातली वीसेक मिनिटं गेली. शेवटी पोराला जे वाक्य समजलं ते त्याने सगळ्यांना म्हणून दाखवलं, "आजोबा बोलतात, थांब." काकू म्हणाल्या, "अचूक. क्रियापद बरोबर आहे." त्यानंतर वर्ग चालू असताना काकांनी पलीकडच्या खोलीत राहायचं, असा नियम झाला.

एकाचे तीन वर्ग झाले. एक वर्ग तर मोठ्या माणसांचा, मराठी बायकांच्या जर्मन नवऱ्यांचा. त्यांना 'ळ' जन्मात येणार नाही, पण ते गृहपाठ वेळेवर करतात, असं काकू कौतुकाने सांगायच्या. दिवाळीला शिकवणीच्या पैशातून काकूंनी टीव्ही मागवला. कोणालाही विचारलं नाही. डिलिव्हरीवाल्यांनी तो भिंतीवर लावला, जुना पोटवाला उचलून जिन्याखाली नेला आणि काका त्या वेळी नेमके भाजी आणायला गेले होते. नेमके म्हणजे काकूंनीच पाठवले होते.

परत आल्यावर काका पिशवी हातात धरून दारातच उभे राहिले. पडद्यावर कुठल्यातरी समुद्रातले मासे फिरत होते. इतके निळे, इतके केशरी.

"असे मासे नसतात," काका म्हणाले.

"बरं," काकू म्हणाल्या आणि पिशवीतून कोथिंबीर काढायला लागल्या.

आठवडाभर त्यांनी टीव्हीकडे पाठ करून पेपर वाचला. मग क्रिकेटचा एक सामना आला. मी त्यांच्याकडेच बघायला गेलो होतो. दुसऱ्या षटकात पेपर घडी होऊन मांडीवर आला, पाचव्यात खुर्ची वळली. आवाज मात्र त्यांनी रिमोट घेऊन बंद केला. आम्ही तो सामना मुक्याने बघितला. मध्येच ते म्हणाले, "मैदानाचा हिरवा चुकलाय." मी म्हटलं, दुरुस्त करा की, रिमोट तुमच्याच हातात आहे. त्यांनी करून बघितलं आणि सगळे खेळाडू जांभळे झाले. ते परत कसं करायचं हे त्यांना सापडेना. विचारणार कोणाला? शेवटी काकूंनी वर्ग संपल्यावर येऊन दोन बटणं दाबली. काका म्हणाले, "आधी असाच होता का? मला वाटत नाही."

सोसायटीत आता त्यांना कोणी फारसं विचारत नाही. सपनाने वॉशिंग मशीन घेतलं ते थेट. खाली बाकावर बसून काका दोन-चार जुन्या मित्रांना हल्लीच्या बाजाराचं सांगतात, आणि ते मित्रही काही घेणाऱ्यांतले नाहीत. त्यामुळे तिथे वाद होत नाहीत.

मागच्या आठवड्यात दुपारी त्यांनी मला हाक मारली. काकू वामकुक्षी घेत होत्या. वर्ग नसताना दुपारी लॅपटॉपला हात लावायची परवानगी काकांनी मिळवली आहे. पडद्यावर ती प्रश्नांची उत्तरं देणारी नवी यंत्रबुद्धी उघडली होती. काकांनी तिला आपल्या त्या रबरबँडच्या फोनबद्दल सगळं एका बोटाने टाइप करून सांगितलं होतं आणि विचारलं होतं, नवीन फोन आत्ता घ्यावा का?

"वाच," ते म्हणाले. डोळे चमकत होते.

मी वाचलं. लांबलचक उत्तर होतं. हे तुमच्या गरजेवर अवलंबून आहे. एकीकडे असं आहे, दुसरीकडे तसं आहे. आत्ता घेतल्यास हे फायदे. काही काळ वाट पाहिल्यास हे फायदे. फुगलेली बॅटरी धोकादायक असू शकते, हे मात्र तिने स्पष्ट लिहिलं होतं. ती ओळ काकांनी वर सरकवली.

"बघितलंस? घाई नाही. दोन्ही बाजू. किती अभ्यासू आहे बघ! इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्यासारखं बोललं." त्यांनी लगेच पुढचा प्रश्न टाइप करायला घेतला, टीव्हीच्या हिरव्याबद्दल. अक्षरं शोधताना बोट हवेत फिरत होतं.

आतून काकू उठून आल्या, तोंड पुसत. त्यांनी खांद्यावरून पडदा वाचला. मग टेबलावरचा रबरबँडचा फोन उचलला, एका कापडात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. "अनिरुद्ध, हा आजच्या आज कुठे नेऊन देतात ना, खराब बॅटऱ्या घेतात तिथे, देऊन ये. मी यांच्यासाठी नवीन मागवलाय. उद्या येईल."

"अगं, विचारलं तरी का?" काका म्हणाले. "कुठला मागवलास? त्याचा कॅमेरा..."

"सरका," काकू म्हणाल्या. "मला धडा काढायचाय."

काका सरकले. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, चपला घातल्या आणि खाली बाकावर गेले.